सायनसचा सीटी स्कॅन आणि आजाराची तीव्रता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायनसचे सीटी स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिणे हे माझे रोजचे काम. रिपोर्ट हातात पडला की लोक त्यातल्या एखाद्या ओळीभोवती पेनाने गोल करून फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे गंभीर आहे का?" असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उपचार तुमचे कान-नाक-घसा तज्ज्ञच ठरवतील. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा नेमके काय विचारायचे, हे या उत्तरांतून कळावे.

१. सायनसचा त्रास 'क्रॉनिक' कधीपासून म्हणायचा? आणि त्यासाठी स्कॅन करावाच लागतो का?

त्रास सलग १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकला तर तो क्रॉनिक, म्हणजे जुनाट. नाक चोंदणे किंवा नाकातून वा मागे घशात घट्ट स्राव उतरणे, यांपैकी एक लक्षण तरी हवेच. जोडीला चेहऱ्यावर दाब जाणवणे किंवा वास कमी होणे असू शकते. पण ॲलर्जीतही नाक चोंदते आणि अर्धशिशीतही गाल-कपाळ ठणकते, म्हणून नुसत्या लक्षणांवर निदान पक्के होत नाही. डोळ्यांनी दिसणारा पुरावा लागतो. नाकाच्या दुर्बीण तपासणीत पू, पॉलिप (सुजलेल्या अस्तराचा मऊ, लोंबता फुगवटा) किंवा ठरावीक जागची सूज दिसली, तर तो पुरावा मिळाला आणि स्कॅन सक्तीचा राहिला नाही. दुर्बिणीत काही सापडत नाही पण त्रास हटत नाही, त्रास एकाच बाजूला आहे, किंवा ऑपरेशनचा विचार चालू आहे, अशा वेळी स्कॅन हवा.

२. साधा एक्स-रे काढला तर चालणार नाही का?

जुनाट आजाराची तीव्रता ठरवायला नाही. एक्स-रेमध्ये सगळी हाडे एकावर एक येतात आणि दोन डोळ्यांच्या मधले एथमॉइड सायनस त्यात हरवून जातात. जुनाट आजारात पाहायची मुख्य जागा तीच असते.

३. सध्या सर्दी आहे. आत्ताच स्कॅन उरकून टाकू का?

घाई करू नका. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचा सीटी काढला होता. त्यांपैकी २७ जणांच्या गालामागच्या सायनसमध्ये बदल दिसले. ज्यांचा स्कॅन दोनेक आठवड्यांनी पुन्हा काढला, त्यांतल्या बहुतेकांचे बदल अँटिबायोटिकशिवाय गेले होते किंवा खूपच कमी झाले होते. म्हणजे सर्दीत काढलेला स्कॅन त्या सर्दीचाच फोटो असतो.

जुना आजार किती मुरला आहे ते पाहायचे, तर नाक धुणे, नाकातला स्टेरॉइड स्प्रे वगैरे उपचार काही आठवडे नीट घेऊन मग स्कॅन काढावा. उपचारानंतरही जे उरते, ते खरे. याला एक अपवाद आहे, आणि तो फार महत्त्वाचा: डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, एकाचे दोन दिसणे, नजर मंदावणे, असह्य डोकेदुखीसोबत ताप किंवा ग्लानी. यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

४. स्कॅनच्या वेळी नेमकं काय करतात? शिरेतून इंजेक्शन देतात का? रेडिएशनची भीती वाटते.

नेहमीच्या सायनस सीटीला इंजेक्शन लागत नाही. हवा काळी, हाड पांढरे आणि सुजलेले अस्तर करडे दिसते, आणि हा फरक औषधाशिवायच स्पष्ट असतो. पाठीवर झोपायचे आणि डोके स्थिर ठेवायचे, यंत्र काही सेकंदांत काम संपवते. मग त्याच माहितीतून समोरून, बाजूने आणि आडवे असे तिन्ही दिशांचे पातळ काप तयार होतात. तपासणीआधी नाक हलकेच शिंकरून घ्या, नाहीतर साचलेला शेंबूड सुजेसारखा दिसतो.

रेडिएशनबद्दल: कमी मात्रेच्या पद्धतीने काढलेल्या सायनस सीटीत ते साधारणपणे १ मिलिसिव्हर्टच्या आत राहते. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतेच. त्यामुळे गरज असलेला एक स्कॅन घाबरून टाळू नये. मात्र नुसते मन शांत करायला दर सहा महिन्यांनी स्कॅन काढणे मला पटत नाही. गरोदरपणात बहुतेक वेळा दुर्बीण तपासणीवर भागते आणि स्कॅन पुढे ढकलता येतो.

५. रिपोर्टमध्ये 'लुंड-मॅकाय स्कोअर ११' लिहिलंय. हा आकडा येतो कुठून?

व्हॅलेरी लुंड आणि इयान मॅकाय यांनी १९९३ मध्ये ही पद्धत मांडली. ती इतकी सोपी आहे की स्कॅन समोर असेल तर घरीही समजावून घेता येते.

प्रत्येक बाजूला पाच जागा पाहायच्या: गालामागचा मॅक्झिलरी, पुढचे एथमॉइड, मागचे एथमॉइड, खोलवरचा स्फिनॉइड आणि कपाळातला फ्रंटल. जागा स्वच्छ असेल तर ०, थोडी भरली असेल तर १, पूर्ण भरली असेल तर २. सहावी जागा म्हणजे ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स, पुढच्या सायनसांचा निचरा जिथून होतो ती अरुंद वाट. ती मोकळी असेल तर ०, बंद असेल तर थेट २, मधला गुण नाही. म्हणजे एका बाजूला जास्तीत जास्त १२, दोन्ही मिळून २४.

तुमचे ११ असे आले असतील. उजवीकडे मॅक्झिलरी अर्धवट १, पुढचे एथमॉइड १, फ्रंटल १, वाट बंद २, बाकी स्वच्छ, मिळून ५. डावीकडे मॅक्झिलरी पूर्ण भरलेला २, पुढचे एथमॉइड १, मागचे १, वाट बंद २, मिळून ६.

याच सोपेपणात त्याची मोठी उणीव आहे. काल माझ्यासमोर दोन स्कॅन लागोपाठ आले. पहिल्यात गालामागच्या सायनसच्या तळाशी नखाच्या जाडीची करडी रेघ होती. दुसऱ्यात तोच सायनस काठोकाठ भरलेला, वर छताला चिकटून हवेचा एक काळा बुडबुडा तेवढा उरलेला. दोघांनाही त्या जागेसाठी नियमाप्रमाणे १ गुण दिला. म्हणून आकड्याबरोबर रिपोर्टमधले वर्णन वाचल्याशिवाय राहू नका. ही उणीव भरून काढायला टक्केवारीनुसार ० ते ५ गुण देणारी सुधारित पद्धतही आहे, आणि संगणकाकडून भरलेल्या भागाचे थेट घनफळ मोजण्याचे कामही सुरू आहे. तरी रोजच्या वापरात जुनीच पद्धत टिकून आहे, कारण ती एका मिनिटात होते आणि दोन वाचकांचे उत्तर बहुधा जुळते.

६. मग किती गुण नॉर्मल? शून्यच यायला हवा ना?

शून्याचा हट्ट धरू नका. सायनसची काहीच तक्रार नसलेल्या, दुसऱ्या कारणासाठी डोक्याचा स्कॅन झालेल्या प्रौढांमध्येही सरासरी साधारण ४ गुण आढळले आहेत. त्यामुळे ४-५ पर्यंतचा आकडा एकटा आला तर त्यावरून आजार आहे असे मी लिहीत नाही. त्याच्या वर आकडा जसजसा चढतो, तसतशी खऱ्या आजाराची शक्यता वाढते. पण एकाच बाजूचे ४ गुण आणि दोन्हीकडे विखुरलेले ४ गुण यांचा अर्थ सारखा नाही, त्यासाठी प्रश्न १० पाहा. मुलांचे गणित वेगळे, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

७. माझा स्कोअर १४, तरी मला फारसं काही होत नाही. नवऱ्याचा फक्त ३, पण तो बेजार असतो. कुणाचा आजार जास्त?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो. स्कॅन सांगतो की जागा किती भरली आहे. माणसाला किती सोसावे लागते ते स्कॅनमध्ये दिसत नाही. लक्षणांचे मोजमाप आणि सीटीचे गुण यांचा मेळ अनेक अभ्यासांत फार थोडा लागतो किंवा लागतच नाही.

म्हणून त्रासाचे माप वेगळ्याने घेतात. त्यासाठी 'स्नॉट-२२' नावाची प्रश्नावली आहे. नाक चोंदण्यापासून झोपमोड, थकवा आणि कामात लक्ष न लागण्यापर्यंत २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ११०. ती भरायला पाच-दहा मिनिटे पुरतात. स्कॅनच्या दिवशीच ती भरून ठेवली तर पुढे तुलनेला फार उपयोगी पडते.

तुमच्या दोघांबद्दल बोलायचे तर, तुमचे १४ गुण दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. जुनाट आजार हळूहळू वाढतो आणि माणूस तोंडाने श्वास घ्यायला, वास न येण्याला सरावतो. 'काही होत नाही' म्हणणाऱ्याला कॉफीचा वास शेवटचा कधी आला ते विचारा, उत्तराला वेळ लागतो. यजमानांचे ३ गुण मात्र त्यांच्या त्रासाचे कारण सायनस नसावे, असे सुचवतात. कपाळ आणि गाल ठणकणे हेच मुख्य लक्षण असेल, तर अर्धशिशीचा विचार आधी व्हावा. 'सायनसची डोकेदुखी' म्हणवणाऱ्या २,९९१ लोकांच्या २००४ सालच्या एका अभ्यासात ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या प्रकारात बसली होती. तेव्हा त्यांचा त्रास खोटा आहे असे कृपा करून कुणी म्हणू नका. तो खराच आहे, फक्त त्याचा पत्ता दुसरा असू शकतो.

८. वास अजिबात येत नाही, पण स्कोअर कमी आहे. असं कसं?

वास घेणारे मज्जातंतू नाकाच्या छताशी, मधल्या पडद्याच्या बाजूच्या एका अरुंद फटीत असतात. ती फट बुजली की वास जातो, पण लुंड-मॅकाय पद्धतीत या फटीला गुणच नाहीत. रिपोर्टमध्ये 'ऑल्फॅक्टरी क्लेफ्ट'चा, म्हणजे याच फटीचा, उल्लेख नसेल तर रेडिओलॉजिस्टना तेवढे पुन्हा पाहायला सांगा. असे विचारणे त्यांना खटकायचे कारण नाही.

गुणांत न धरलेल्या आणखीही गोष्टी आहेत. वर्षानुवर्षे सूज राहिली की भोवतालचे हाड जाड आणि खडबडीत होते. असे हाड दिसले की आजार चिवट आहे आणि उपचारांना सहज दाद देणार नाही, असे मी समजतो. त्याच्या मोजमापाच्या वेगळ्या पद्धती आहेत.

९. 'मिनिमल म्युकोसल थिकनिंग', 'रिटेन्शन सिस्ट', 'डेव्हिएटेड सेप्टम', 'कॉन्का बुलोसा'... हे सगळं एकाच रिपोर्टमध्ये! ऑपरेशन लागेल का?

बहुधा नाही. पहिले म्हणजे अस्तराची किंचित जाडी. रिटेन्शन सिस्ट म्हणजे अस्तरातल्या ग्रंथीचे तोंड बंद होऊन झालेली घुमटासारखी गाठ, जी निरोगी लोकांतही वारंवार दिसते आणि सहसा निरुपद्रवी असते. 'नाकाचं हाड वाढलंय' असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो, वाढलेले काही नसते. कॉन्का बुलोसा म्हणजे नाकातल्या मधल्या कवचासारख्या हाडात हवा भरलेली असणे. हे शेवटचे दोन्ही बांध्यातले फरक आहेत, जसे कुणाचे कान मोठे तसे. ते निचऱ्याची वाट खरोखर अडवत असतील आणि मागे सायनस भरलेला असेल, तरच त्यांना महत्त्व.

१०. फक्त एकाच बाजूचा सायनस पूर्ण भरलाय. स्कोअर तर जेमतेम ४ आहे, मग काळजी कसली?

इथे आकड्यावर विसंबू नका. जुनाट सुजेचा आजार बहुधा दोन्हीकडे असतो. एकाच बाजूचा सायनस गच्च भरला असेल तर मी गुण मोजायच्या आधी कारण शोधतो.

पहिली नजर दातांवर. वरच्या दाढांची मुळे मॅक्झिलरी सायनसच्या तळाला लागून असतात. मुळाच्या टोकाशी हाडात काळा गोल दिसला, किंवा रूट कॅनाल केलेल्या दाढेवरच अस्तर फुगले असेल, तर आजार दातातून आलेला असतो. दात बरा होईपर्यंत नाकाचे उपचार कितीही घेतले तरी तो परत येतो. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर हा संशय आणखी बळावतो. हिरडी दुखत नाही म्हणून दात निर्दोष असे समजू नका.

दुसरी शक्यता बुरशीच्या गोळ्याची. भरलेल्या सायनसच्या मधोमध पांढरे ठिपके किंवा खडे दिसतात. तिसरी शक्यता गाठीची. इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ पॉलिपसारखीच दिसते, पण ती परत उगवते आणि काहींत कर्करोगाकडे वळते, म्हणून तिचा तुकडा तपासावा लागतो. हाड झिजलेले दिसले, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा गाल बधिर होत असेल, तर तपासणी लांबवू नका.

११. रिपोर्टमध्ये 'हायपरडेन्स' आणि 'फंगल?' असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय. म्हणजे काळी बुरशी का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा गोंधळ लोकांची झोप उडवतो. घट्ट, वाळत आलेला स्राव सीटीत नेहमीच्या सुजेपेक्षा पांढरट दिसतो. ॲलर्जीच्या बुरशीजन्य सायनुसायटिसमध्ये अनेक सायनस अशा चिकट मालाने भरतात, फुगतात, आणि हाड दाबाने पातळ होते. दिसायला हे भयंकर, गुण २० च्या पुढे, पण बुरशी ऊतींत शिरलेली नसते. शस्त्रक्रिया आणि स्टेरॉइडने बहुतेकांना चांगला आराम पडतो, मात्र आजार पुन्हा उद्भवण्याची सवय असल्याने पाठपुरावा सोडायचा नाही.

ऊतींत घुसणारी बुरशी वेगळी. ती बहुधा अनियंत्रित मधुमेह किंवा खूप खालावलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना गाठते आणि दिवसांत पसरते. तिच्यात सुरुवातीचा सीटी जवळजवळ साधा दिसू शकतो, गुण अगदी कमी येतात. अशा रुग्णात चेहरा सुजणे, बधिर होणे किंवा नाकात काळी खपली दिसणे हे स्कोअरपेक्षा कितीतरी मोठे.

१२. एमआरआय जास्त महाग आणि जास्त चांगला, मग तोच का नाही काढायचा?

प्रत्येकाचे काम वेगळे. सीटी हाड आणि हवेच्या वाटा दाखवतो, आणि जुनाट सायनसमध्ये तेच हवे असते. एमआरआय लागतो तो गाठ आणि साचलेला स्राव वेगळे ओळखायला, किंवा आजार डोळ्याकडे वा मेंदूकडे सरकल्याची शंका असताना.

एमआरआयमध्ये एक फसगत मी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात दाखवतो. प्रश्न ११ मधला वाळलेला बुरशीयुक्त माल एमआरआयच्या टी-२ चित्रांत काळाकुट्ट दिसतो, अगदी हवेसारखा. नुसता एमआरआय पाहणारा 'सायनस स्वच्छ' असे लिहून मोकळा होईल, आणि सीटीत तोच सायनस ठासून भरलेला असेल. उलट टोकाला, मेंदूसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये सायनसचे अस्तर थोडे जाड दिसले म्हणून पळत येऊ नका. नाकाच्या दोन्ही बाजू काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगतात, आणि एमआरआय तेवढाही फरक टिपतो.

१३. मला दमा आहे. डॉक्टर म्हणाले, 'स्कॅनवरून तुमचा आजार ऍलर्जीकडे झुकणारा वाटतो.' चित्रावरून हे कसं कळतं?

किती भरले याइतकेच कुठे भरले हेही बोलते. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या, ॲलर्जी आणि दम्यात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जोरावर वाढणारा आजार एथमॉइडमध्ये जास्त आणि मॅक्झिलरीत कमी दिसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी 'जेसरेक' निकषांत दोन्हीकडचा आजार, पॉलिप, एथमॉइडचे वर्चस्व आणि रक्तातल्या इओसिनोफिलचे प्रमाण अशा चार गोष्टी जोडल्या आहेत. दुसरा नमुना असा की नाकाचा मधला भाग आणि पडद्याचे वरचे अस्तर सुजलेले, पण बाहेरचे सायनस बऱ्यापैकी मोकळे. तो श्वासातून येणाऱ्या ॲलर्जीशी जोडला जातो. दमा आणि पॉलिप असतील आणि वेदनाशामक गोळीने कधी श्वास लागला असेल, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा.

१४. मुलाचा स्कोअर ६ आलाय. वय ५ वर्षे. मोठ्यांसारखाच धरायचा?

नाही. कपाळातला सायनस या वयात नीट तयारच झालेला नसतो. ज्या जागी सायनस नाही, तिथे ० गुण द्यायचे असतात, 'भरलेला' समजून २ नव्हे. लहान मुलांना सर्दी वारंवार होते आणि नाकामागचे ॲडेनॉइड फुगलेले असतात, त्यामुळे थोडे गुण निरोगी मुलातही येतात. काहीच तक्रार नसलेल्या मुलांची सरासरी ३ च्या आसपास आहे. ६ चा आकडा सर्दीच्या काळातला नसेल, तर खऱ्या आजाराच्या बाजूने झुकतो, पण त्यावरून थेट ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. फार लहान वयात पॉलिप किंवा जवळजवळ २४ गुण दिसले, तर सिस्टिक फायब्रोसिससारख्या (शरीरातले स्राव घट्ट करणाऱ्या आनुवंशिक) आजारांची चाचणी व्हायला हवी.

१५. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. तेव्हा स्कोअर १६, आता ९. म्हणजे आजार निम्मा झाला?

दोन्ही आकडे एकाच तराजूत बसत नाहीत. ऑपरेशनमध्ये निचऱ्याची वाट रुंद करतात, तिथले पातळ पडदे काढतात. जी वाट उरलीच नाही, ती 'बंद' म्हणता येत नाही, म्हणून तिथे ० मिळतो. दोन्ही बाजू धरल्या तर निव्वळ शस्त्रक्रियेमुळेच ४ गुण कमी होऊ शकतात. त्यापेक्षा दुर्बिणीतून पाहणे आणि स्नॉट-२२ चे तेव्हाचे-आताचे गुण ताडून पाहणे जास्त भरवशाचे. ठीक असाल तर पुन्हा स्कॅन कशासाठी? त्रास परतला किंवा पुन्हा ऑपरेशन ठरत असेल, तर मात्र नवा हवा, कारण जुना नकाशा आता लागू नाही.

नकाशा हा शब्द मुद्दाम वापरला. ऑपरेशनआधीच्या स्कॅनमध्ये सर्जन गुणांपेक्षा धोक्याच्या जागा शोधतात: मेंदूखालचे पातळ छत नाकात किती खोल उतरले आहे, डोळ्याची भिंत कुठे फाटलेली तर नाही, दृष्टीची नस सायनसमध्ये डोकावते का. छताची खोली १९६२ साली सांगितलेल्या केरोस वर्गीकरणानुसार तीन गटांत मोडते: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर. खोली जितकी जास्त, तितकी सावधगिरी जास्त. म्हणून फिल्मच्या जोडीला सीडी किंवा संपूर्ण डिजिटल प्रती जपून ठेवा. फिल्मवर निवडक काप असतात, सर्जनला सगळे लागतात.

१६. एक डोळा थोडा आत गेल्यासारखा दिसतो, बाकी काही त्रास नाही. स्कोअर ४. रिपोर्टमध्ये 'सायनस आकसला' असं म्हटलंय. हे काय नवीन?

सायनसचे तोंड बराच काळ बंद राहिले की आतली हवा शोषली जाते, भिंती आत ओढल्या जातात आणि डोळ्याखालचे हाड खाली सरकते. डोळा खोल दिसू लागतो. ना दुखणे, ना स्राव, म्हणून याला 'सायलेंट सायनस' म्हणतात. गुणांत बसेल ते फक्त एका बाजूचे भरलेपण आणि बंद वाट, म्हणजे तुमचे ४. आत वळलेल्या भिंतींना या पद्धतीत एकही गुण नाही. जुना फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून फरक दिसतो का ते पाहा, आणि दोन्ही घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोंड मोकळे केल्यावर ओढ थांबते, आणि काहींचा डोळा पुढच्या काही महिन्यांत आपसूक बराचसा जागेवर येतो. तेवढे थांबून मगच डोळ्याखालच्या हाडाला हात लावायचा की नाही ते ठरवतात.